उणे साडेचारचा नंबर आणि सर्फिंग: लेन्स, गॉगल की शस्त्रक्रिया?

लाटवेडा (प्रश्न)

माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे ४.५ आणि डाव्याचा उणे ५ आहे. डाव्या डोळ्याला उणे १.२५ चा सिलिंड्रिकल नंबरही (बुबुळाच्या असमान वक्रतेसाठीचा) आहे. किनाऱ्यालगतच्या फेसाळ पाण्यात सर्फिंग शिकत होतो तोवर चष्म्यावाचून निभावले. आता लाटा फुटतात त्या रेषेच्या पलीकडे जाऊन बसू लागलो आहे आणि तिथे अडचण जाणवते. लांबून येणारा पाण्याचा उंचवटा मला दिसतच नाही. शेजारचे लोक बोर्डावर पालथे पडून पाण्यात हात मारू लागले की लाट येत असावी, असा अंदाज बांधावा लागतो. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे लाट पकडल्यावर वाटेत कोणाचे डोके आहे की नाही, हे फार उशिरा कळते.

सोबतचे बरेच जण रोज बदलण्याच्या लेन्स घालून पाण्यात उतरतात. माझ्या नेत्रतज्ज्ञांनी मात्र लेन्स घालून पाण्यात जाण्यास स्पष्ट नकार दिला आहे. समुद्राचे पाणी खारट असल्यामुळे त्यात डोळ्यांना अपाय करणारे जंतू टिकत नाहीत, हे खरे आहे का? शिवाय लेसिक, म्हणजे नंबर घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया, करून घेतल्यास लाटांचा मार डोळ्यांना सोसेल का?

काचबिंदी

मी दृष्टितपासणीचे काम करते, त्यामुळे आधी खारट पाण्याविषयी लिहिते. तो समज सोडून द्यावा. अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव नळाच्या पाण्यात, तलावात, मातीत आणि समुद्रातही आढळतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती टणक कवच तयार करतो. म्हणूनच कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, त्याचा संसर्ग झाला तर औषधोपचार महिनोन्‌महिने चालतो, आणि काही रुग्णांची नजर त्यानंतरही पूर्ववत होत नाही. हा संसर्ग विरळ आहे, पण ज्यांना होतो त्यांतले बहुसंख्य लोक लेन्स वापरणारे असतात. लेन्समुळे कॉर्नियाच्या वरच्या थराला सूक्ष्म इजा होत असते, आणि नेमक्या त्याच जागी लेन्सखाली शिरलेले पाणी अडकून राहते. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासनही लेन्सचा कोणत्याही पाण्याशी संबंध येऊ देऊ नये, असेच सांगते. तुमच्या डॉक्टरांचा नकार त्यामुळे योग्यच आहे.

हे कळूनही अनेक जण लेन्स घालतात, याची मला कल्पना आहे. त्यांनी निदान रोज फेकण्याच्या मऊ लेन्सच वापराव्यात, महिनाभराच्या नव्हेत, आणि पाण्याबाहेर आल्यावर अंगावर गोडे पाणी घेण्याआधीच हात स्वच्छ करून व कोरडे पुसून त्या काढून टाकाव्यात. अश्रूंमध्ये क्षारांचे प्रमाण सुमारे ०.९ टक्के असते आणि समुद्रात सुमारे ३.५ टक्के, त्यामुळे पाण्यात गेलेली लेन्स डोळ्यावर नेहमीसारखी बसत नाही. ती चिकटल्यासारखी वाटली तर ओढू नये. निर्जंतुक सलाईनचे थेंब घालून ती सैल होऊन हलू लागेपर्यंत थांबावे. कडक लेन्सचा विचारच नको, कारण त्या आकाराने लहान असतात आणि पहिल्याच पडझडीत वाहून जाऊ शकतात.

खारा_वारा

गॉगलकडे लोक उगाच नाक मुरडतात, असे माझे मत आहे. माझाही नंबर तुमच्या आसपासचा असून मी नंबराच्या गॉगलवरच सर्फिंग करतो.

उणे ४.५ म्हणजे साधारण २२ सेंटीमीटरच्या पलीकडचे सारे अस्पष्ट. पालथे पडून हात मारताना तुम्हाला स्वतःच्या बोर्डाचे टोकही नीट दिसत नसणार. मात्र लाटेचा उंचवटा किंवा माणसाचे डोके ओळखायला नंबर तंतोतंत लागत नाही. अर्ध्या डायॉप्टरची (म्हणजे नंबरात ०.५ ची) कसर राहिली तरी सुमारे दोन मीटरपर्यंत स्वच्छ दिसते आणि त्यापुढचेही ओळखण्याजोगे राहते. हे लक्षात घेतले की पर्याय वाढतात. पोहण्याचे तयार गॉगल बहुधा अर्ध्या-अर्ध्या डायॉप्टरच्या टप्प्यांत मिळतात आणि त्यांत सिलिंड्रिकल नंबर नसतो. तो नसला की त्याचा निम्मा भाग मूळ नंबरात मिळवतात; म्हणजे तुमच्या डाव्या डोळ्यासाठी उणे ५.५ चालून जाईल.

पण पोहण्याचे, डोळ्यांभोवती घट्ट चिकटणारे गॉगल फक्त लहान लाटांतच वापरा. मोठी लाट ते उपटून काढते आणि त्यांची कडक कड थेट डोळ्याच्या खोबणीवर आदळू शकते. सर्फिंगसाठीच्या गॉगलला डोक्यामागून घट्ट पट्टा, कपड्याला अडकवायची दोरी, मऊ कड आणि पाणी निथळायला व हवा खेळायला छिद्रे असतात. त्यात पॉलिकार्बोनेटच्या, नंबराच्या काचा बसवून घ्या. दोष एकच, पण त्रासदायक आहे: लाटेखालून वर आल्यावर काचेवर थेंब थांबतात आणि पुढची लाट डोक्यावर असते, नेमके तेव्हाच सगळे फुटल्यासारखे दिसते. त्या क्षणी मान खाली घालून डोक्याला एक झटका द्यायची सवय लागते. काच बोटाने पुसू नये, मिठामुळे ती अधिकच माखते.

काचबिंदी

शस्त्रक्रियेविषयी लिहायचे राहिले होते. लेसिकमध्ये कॉर्नियाचा एक पातळ पापुद्रा उचलून त्याखाली लेझर वापरतात आणि पापुद्रा परत बसवतात. तो पूर्वीइतक्या ताकदीने कधीच जोडला जात नाही. जोराचा मार लागून तो काही वर्षांनी सरकल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. असे क्वचित घडते, हे मान्य. परंतु ज्याच्या तोंडावर बोर्ड आदळण्याची शक्यता नेहमीचीच आहे, त्याने पापुद्रा नसलेली पद्धत आधी विचारात घ्यावी.

पीआरके ही तशी एक लेझर पद्धत आहे. तीत कॉर्नियाचा फक्त वरचा थर काढतात आणि तो पुन्हा आपोआप वाढतो. पहिले तीन-चार दिवस दुखते आणि नजर पूर्ण स्थिरावायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. त्या काळात प्रखर उन्हाने कॉर्नियावर धूसरपणा येण्याची भीती असते, म्हणून अतिनील किरण अडवणारा चष्मा टाळता येत नाही. स्माइल या पद्धतीत दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून कॉर्नियाच्या आतली पातळ चकती काढतात. ही पद्धतही पापुद्र्याविनाच होते आणि नजर पीआरकेपेक्षा लवकर स्थिरावते. कॉर्निया पातळ असेल किंवा नंबर फार मोठा असेल, तर बाहुलीमागे लेन्स बसवण्याचा पर्याय उरतो, पण ती डोळ्याच्या आत जाऊन केलेली शस्त्रक्रिया आहे. रात्री घालून झोपायच्या कडक लेन्स दिवसा लागत नाहीत, त्यामुळे त्या आकर्षक वाटतात; मात्र संसर्गाचा धोका त्यांनाही आहे आणि उणे ५ हा त्यांच्या आवाक्याच्या जवळजवळ टोकाचा नंबर ठरतो.

लाटवेडा

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. माझे वय २६ असून गेल्या दोन वर्षांत नंबर फक्त पाव डायॉप्टरने बदलला आहे. तूर्त गॉगल घेतो. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत नेमके काय विचारावे?

काचबिंदी

नंबर वर्षभर जवळपास स्थिर असणे ही पहिली अट तुम्ही पूर्ण करता. कॉर्नियाची जाडी व आकाराचा नकाशा आणि अश्रूंची तपासणी झाल्याशिवाय होकार देऊ नका, कारण या शस्त्रक्रियांनंतर डोळे काही काळ कोरडे पडतात आणि समुद्रावरचा वारा त्यात भर घालतो. लेन्स वापरत असाल तर मोजमापाआधी त्या किती दिवस बंद ठेवायच्या, हे विचारून घ्या. आपण सर्फिंग करतो, हे स्वतःहून सांगा. नुसते पोहतो म्हटल्यास पाण्यात परतण्याची मुदत वेगळी सांगितली जाईल.

आणि तोवर मोह होऊन लेन्स घातलीच, नंतर डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईना, तर ती काढून स्वच्छ डबीत ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तिच्यावरून जंतू ओळखायला मदत होते. घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब मात्र मुळीच घालू नका.