ओपन डेला सगळ्यांदेखत पोराची उणीदुणी काढायची?

मुक्ता_नाशिक
काल एका शिक्षकांनी इथे लिहिलं, "पालकांना खरं ऐकायचंच नसतं, म्हणून मी चारचौघांतच सुनावतो." ते वाचल्यापासून डोकं फिरलंय. माझा भाचा चौथीत आहे. ओपन डेला मागे पालकांची रांग, पोरगं शेजारी उभं, आणि बाई वहिनीला म्हणाल्या, "घरी कुणी बघत नाही वाटतं याच्याकडे." वहिनी रोज रात्री त्याला घेऊन बसते हो! तो 'प्रकाश'चं 'पकाश' वाचतो, फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळतो, पण तोंडी विचारा, धडाधड सांगतो. अध्ययन अक्षमता, म्हणजे समज असूनही वाचता-लिहिताना अडणं, 2016च्या दिव्यांग कायद्यात आहे. ही शंका आधी बाईंना यायला नको?

गुरुजी_जिप
शंका येते, पण ती बोलायची कशी? मी एका वडिलांना एकट्याला बोलावून म्हटलं, "एकदा तपासून घ्या." दुसऱ्या दिवशी सरपंचांना घेऊन हजर. "माझ्या पोराला वेडा ठरवता?" आणि बोलायला वेळ कुठाय? आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बाकी कामं देऊ नका म्हणतं. पण त्या निवडणुकीच्याच नावाखाली आम्ही बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरतोय.

पिंपरीचा_बाप
झालं, बीएलओ आलंच! आमच्या ग्रुपवर रात्री दहाला मेसेज येतो, उद्या प्रकल्पाचं साहित्य आणा. दुकानं बंद. विचारलं तर ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला बोलता येतं.

गुरुजी_जिप
ग्रुप का बंद करावा लागतो ते सांगू? "सर, माझ्या मुलीचा डबा कोणी खाल्ला" यावर मध्यरात्रीपर्यंत भांडणं. एका मातेने दुसऱ्याच्या मुलाचं नाव घेऊन चोर म्हटलं. निस्तरलं कुणी? मीच.

पिंपरीचा_बाप
मग पगार कशाचा घेता?

गुरुजी_जिप
पगाराचा विषय काढायचा असेल तर मी बोलतच नाही.

मुक्ता_नाशिक
अहो, ग्रुपचा वेगळा धागा काढा! प्रश्न पोरासमोर आईला बोलण्याचा आहे.

शाळा_समुपदेशक
गुरुजी, "तपासून घ्या" हे पहिलंच वाक्य असेल तर बाप बिथरणारच. आधी वही पुढे ठेवा, घरी कसा वाचतो ते विचारा. अक्षमता आहे की नाही, हे शिक्षकाने ठरवूच नये. डोळे-कान तपासून झाल्यावर पुढची तपासणी. मुंबईत शीव, नायर रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळतं, दहावीला जादा वेळ मिळतो. हे सांगितलं की बाप ऐकतो. पण मुक्ताताई, बाईंना कायदा ऐकवून भाच्याचं काही होणार नाही.

मुक्ता_नाशिक
कायदा नाही काढला तर कोण दखल घेतं?

गुरुजी_जिप
रांगेत बोलू नये, एवढं मान्य. वहीचंही करून बघेन. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एकेका पालकाला बसवतो. येतील का, ते विचारा.

पिंपरीचा_बाप
शनिवारी माझी पहिली पाळी. मी कधी यायचं?