शब्दचर्चा: जीप 'सुधरवली', 'उभी केली' की तिचा 'जीर्णोद्धार' केला?

पांदणवाट (दारव्हा):
मंडळी, एक शब्द अडला आहे. दिवाळीपासून घरच्या टिनाच्या शेडात एक जुनी जीप खोलून ठेवली आहे. १९७२ चं मॉडेल, म्हणजे दुष्काळाच्या सालचं. सीजे-३बी, उंच बोनेटची. आधीच्या मालकाने पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं, पुढे काकांनी ती लिलावात घेतली, थोडी चालवली, आणि मग नऊ वर्षं ती कडुनिंबाखाली पडून राहिली. काम करणारे आम्ही तिघं: मी, चुलतभाऊ आणि दर रविवारी येणारे मिस्त्री.

परवा पुण्याच्या मित्राला फोनवर म्हणालो, "सध्या जीप सुधरवतोय." तो म्हणाला, "का रे, वाईट संगतीला लागली होती का?"

आमच्याकडे घड्याळ सुधरवतात, पंखा सुधरवतात, विहिरीवरची मोटर तर दर हंगामात सुधरवून आणावी लागते. त्यात हसण्यासारखं काय, हे कळायला मला मिनिटभर लागलं. पण नंतर खरंच अडलो. बंद पडलेलं चालू करणं हे एक काम. होतं तसं परत करणं हे दुसरं. आणि मुळात नव्हतंच ते घालणं, जसं पुढे डिस्क ब्रेक किंवा पॉवर स्टिअरिंग, हे तिसरं. लोक तिन्हींना 'रिस्टोअर केली' म्हणून मोकळे होतात. आपण काय म्हणायचं?

तळटीप (पुणे):
तो मित्र मी नव्हे, पण मीही हसलो असतो. आमच्याकडे अक्षर सुधारतं, तब्येत सुधारते, क्वचित मुलगाही सुधारतो. यंत्राची मात्र दुरुस्ती. 'दुरुस्त' फारसीतला, 'ठीक, बरोबर' या अर्थाचा. म्हणून मजकुराचीही दुरुस्ती होते आणि मिक्सरचीही. तुमचं सुधरवणं हिंदी शेजाराने आलेलं दिसतं.

'डागडुजी' इथे चालणार नाही. त्याचं जुनं रूप दागदोजी. दोजी म्हणजे शिवणकाम, जरदोजीतलं तेच. भोक पडलं, टाका घातला, झालं. पावसाळ्याआधी कौलांची होते ती डागडुजी. गाडी चेसिसपर्यंत सोलून काढलीत तर हा शब्द तोकडा पडतो.

'जीर्णोद्धार' अर्थाने जवळचा आहे, पण देऊळ, बारव, तलाव यांच्यासाठी राखीव झालाय. शिवाय आपल्याकडचे जीर्णोद्धार पाहता मूळ रूप राखण्याची अट त्यात असते असं मला वाटत नाही. काळ्या दगडावर ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा, हाही जीर्णोद्धारच.

बाराचा पाना (अकोला):
वीस वर्षं गॅरेज चालवतो. आमच्या धंद्यात एकच शब्द आहे जी, 'उभी करणे'. "भंगारातून उचलली अन् उभी केली." यात सुटे भाग जमवणं, जोडणं, रंग, सगळं आलं.

आता याची गंमत ऐका. एका गिऱ्हाईकाची जीप सहा महिने माझ्याकडे होती. तयार झाली तशी पोऱ्याने त्याच्या वडिलांना फोन लावला, "बाबाजी, गाडी उभी झाली." म्हातारबाबा भडकले. "अरे, मंग इतके दिवस काय केलं? उभीच तर होती!" आमच्याकडे घाटात बंद पडली तरी गाडी उभी झाली, झाडाखाली लावली तरी उभी केली, अन् सांगाड्यातून नवी बांधली तरी उभीच केली. तेव्हापासून पोऱ्याला सांगितलं, फोनवर 'तयार झाली' म्हणायचं.

खारावारा (मालवण):
उभी करणे आमच्याकडेही आहे, पण घर, धंदा, निवडणुकीचा उमेदवार यांच्यासाठी. बाराचा पाना, तुमचं नाव बरोबर लिहिलंय म्हणून अभिनंदन. पेपरात हल्ली 'पान्हा' छापतात. पान्हा फुटतो तो आईला.

पांदणवाट, गंज किती आहे? समुद्राकाठी गाडी असती तर नऊ वर्षांनी नुसती नंबरप्लेट उरली असती.

पांदणवाट:
ताई, तोच तर दुसरा घोळ. मिस्त्री 'जंग' म्हणतात. मी शाळेतल्या पुस्तकाप्रमाणे गंज म्हणतो. पहिल्या दिवशी घरात येऊन म्हणालो, "खाली सगळा गंजच आहे." आईने आतून विचारलं, "कोणता, दुधाचा?" आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं. भाजीचा गंज, दुधाचा गंज. त्यामुळे वऱ्हाडात लोखंडाला जंगच लागलेला बरा.

किती आहे ते सांगतो. शेजारच्या सीटखाली जवळजवळ नाही, आमच्याकडची हवा आठ महिने कोरडी. पण ड्रायव्हरच्या पायाखाली रबरी मॅट होती. ती उचलली तर खाली खताच्या पोत्याचा तुकडा, त्यात पोटॅशचे लालसर खडे, आणि त्या खड्यांभोवती ओल. मार्च महिन्यात ओल! पोटॅश म्हणजे क्षारच, हवेतली ओल धरून ठेवतो आणि लोखंड खातो. मिस्त्रींनी पेचकस टेकवला. दाबला म्हणता येणार नाही, टेकवलाच. मुठीपर्यंत आत गेला. खालच्या धुळीत त्याचं टोक दिसत होतं.

मग त्यांनी अख्खी बॉडी बोटाच्या पेरांनी वाजवत फेरी मारली. चांगला पत्रा टण्ण बोलतो. डाव्या मडगार्डवर आवाज बद्द आला, तडा गेलेल्या माठासारखा. लोहचुंबक लावला, चिकटेना. रंगाखाली बोटभर जाडीची लांबी भरलेली होती. कुणीतरी ठोकर खाऊन आलेला पत्रा ठोकून सरळ करायचा कंटाळा केला आणि खड्डा लांबीने बुजवला. (लांबी सगळीकडे लांबीच ना? पुट्टी म्हणतात ते भिंतीवाले.)

तळटीप:
लांबी इकडेही लांबीच.

जंगाबद्दल थोडं. फारसीत दोन वेगळे शब्द आहेत: 'झंग' म्हणजे लोखंडावरचा गंज आणि 'जंग' म्हणजे युद्ध. उत्तर हिंदुस्थानातल्या बोलण्यात झ चा ज झाला आणि दोघे एका उच्चारात येऊन बसले. जंगी मिरवणूक युद्धाच्या घरातली, तुमच्या मडगार्डाशी तिचं नातं नाही. गंज म्हणजे रास, साठा, हाही फारसीच, खजिन्याच्या अर्थाचा. कडब्याची गंजी, बाजारपेठांच्या नावातलं गंज हे त्या कुळातले. तुमच्या आईंचं पातेलं यातल्या कुणाच्या घरचं, हे कुणी वऱ्हाडी माणसानेच सांगावं.

खारावारा:
आणि 'तांब'? माझी आजी गंज म्हणत नसे. "विळ्यावर तांब चढली" म्हणायची, स्त्रीलिंगी. गंजाचा रंगच तांब्याचा, त्यावरून.

पांदणवाट:
हे आवडलं. गव्हावर येतो तो तांबेरा याच घरचा असणार. पानावरून बोट फिरवलं की अशीच विटकरी भुकटी लागते. जीपच्या फ्लोअरवरून हात फिरवला तेव्हा मला तेच आठवलं होतं, शब्द आज मिळाला.

पासिंग (नागपूर):
शब्दांत शिरण्याआधी कागद पाहा, कारण कायद्याने तुमच्या तीन अर्थांपैकी दोन आधीच वेगळे काढलेत. गाडी १९७२ ची, म्हणजे ५० वर्षं उलटली. केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, धंद्यात न वापरलेली गाडी त्यात बसते. पण ती मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. नवीन नोंदणीला २० हजार, नूतनीकरणाला ५ हजार, मुदत १० वर्षं. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात.

म्हणजे सरकारच्या लेखी पूर्ववत केलेली गाडी विंटेज, आणि सुधारलेली गाडी नुसतीच जुनी. तुमचं डिझेल इंजिन आरसी बुकात चढवलंय का? नसेल तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम वाचा. परवानगीशिवाय असे बदल करता येत नाहीत.

एक मेख आहे. विंटेज नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, त्यासाठी पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला, इतकंच. बियाणं आणायला दारव्ह्याला नेलीत तर नियमाबाहेर. शेतात वापरायची असेल तर साधं पासिंग करून घ्या, दर पाच वर्षांनी.

बाराचा पाना:
पासिंगभाऊ बरोबर बोलले. तरी भाऊ, मूळ इंजिन मिळत असेल तर सोडू नका. त्या इंजिनासाठीच तर बोनेट उंच केलं होतं. एफ-हेड म्हणतात त्याला: पेट्रोल आत घेणारा वॉल्व वर हेडमध्ये, धूर बाहेर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये. वरच्या वॉल्वमुळे इंजिनाची उंची वाढली, जुन्या चपट्या बोनेटखाली मावेना. आता त्या उंच बोनेटखाली भलतंच इंजिन म्हणजे नवरदेवाचा फेटा गड्याच्या डोक्यावर.

अन् जाम नटांवर ताकद लावू नका. डिझेल अन् जळकं ऑइल रात्रभर सोडून ठेवा, सकाळी गॅसने शेकवा. घाई केली की आटे जातात. (आमच्याकडे 'चुड्या जातात'. तळटीपवाल्यांनी नोंद घ्यावी.)

तळटीप:
घेतली. एक विचारू? फोर-व्हील-ड्राइव्हला तिकडे काही देशी शब्द आहे का? 'चतुश्चक्र-चालित' असलं काही मी सुचवणार नाही, घाबरू नका.

बाराचा पाना:
'फोर बाय फोर'. घाईत नुसतं 'फोर बाय'.

पांदणवाट:
आमच्या घरात आहे. या जीपमध्ये तीन दांड्या. मोठी गिअरची, आणि तिच्या बाजूला दोन लहान: एक पुढचा एक्सल जोडायची, दुसरी हाय-लोची, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवायची. काका जन्मभर बैलांत राहिलेले. पांदणीत चाक फिरायला लागलं की ओरडायचे, "पुढची जोडी जुंप!" म्हणजे पुढचा एक्सल लाव. डांबरी रस्ता आला की "जोडी सोड." हे नुसतं अलंकारिक नव्हतं. या गाडीत पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे त्यांच्या फिरण्यातला फरक सोसणारं काही नाही. गाऱ्यात चाक थोडं घसरतं आणि ताण निघून जातो. डांबरावर घसरायला जागा नाही, वळताना पुढचं-मागचं एकमेकांना ओढतं आणि शेवटी शाफ्टचा क्रॉस तुटतो. काका म्हणत, "दोन जोड्याइले दोन धुऱ्यांकडे हाकलशीन तं जू मोडीन का नाही?" (धुरा म्हणजे शेताचा बांध.)

खारावारा:
गाऱ्यात? म्हणजे गारांचा पाऊस?

पांदणवाट:
गारा म्हणजे चिखल, ताई. आमच्या काळ्या मातीचा. पाणी पडलं की फुगते आणि टायरला अशी धरते की दात बुजून टायर गुळगुळीत होतो. त्यात गाडी 'फसते'. पुस्तकात ती 'रुतते', पण आमच्याकडे रुततो तो काटा.

तळटीप:
'पुढची जोडी जुंपणे' मी उचलला. आता मूळ प्रश्न. मी सकाळपासून डोकं लढवतोय. पूर्ववत करणं आणि सुधारणं या दोन्हींना पोटात घेणारा शब्द प्रमाण मराठीत सापडत नाही. नूतनीकरण म्हणवत नाही, ते बसस्थानकाचं होतं. आणि हसलो असतो म्हटलं खरं, पण तुमचा 'सुधरवणे' दोन्ही सांभाळतो. बंद होतं ते चालू झालं, आणि शब्दात 'सुधार' आहेच, त्यामुळे डिस्क ब्रेक घातला तरी खोटं ठरत नाही. माझं मत सुधरवणेला.

पासिंग:
पासिंगच्या अर्जावर लिहू नका म्हणजे झालं.

पांदणवाट:
मिस्त्रींना विचारलं आज. त्यांना प्रश्नच कळेना. मग म्हणाले, "सुधरोली तं चालीन. उभी केली तं दिसीन. तुम्हाले चालवाची हाय का दाखवाची?"

चालवायची आहे. डिझेलच ठेवतोय, आरसीवर चढवायचा अर्ज करतोय. पॉवर स्टिअरिंगचं चुलतभावाशी अजून भांडण आहे. फ्लोअरचा पत्रा कापून झाला, नवा बसला की रेड ऑक्साइड, म्हणजे जंग रोखणारा खालचा रंग. उद्या रविवार, मागचं डिफरन्शिअल खोलणार आहोत. मिस्त्री त्याला 'डिप्रेशन' म्हणतात. त्याचा धागा वेगळा काढतो.