थकीत बिलांबद्दल पालकमंत्र्यांना निवेदन द्यायचंय, मसुदा हवाय (तातडीने)

स्पिंडल: सोमवारी पालकमंत्र्यांची वेळ मिळाली आहे. आमच्या लघुउद्योग संघटनेतर्फे थकीत बिलांचं निवेदन द्यायचंय. अध्यक्षांनी लिहिलंय ते सहा पानी, त्यात रस्ते, वीजदर, कचरा सगळंच घुसलंय. कुणाकडे तयार मसुदा आहे का?

हिशेबनीस: बिलं कुठे अडकलीत? सरकारी खात्यात की खासगी कंपनीत? उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? सभासद ट्रेडर असतील तर ४५ दिवसांत बिल मिळण्याचं कायद्याचं संरक्षण मिळत नाही.

लढा_चालू: निवेदनं फायलीला लागतात. एलबीटी (महापालिकांचा स्थानिक संस्था कर) आठवा! व्यापारी रस्त्यावर उतरले, दुकानं बंद ठेवली, तेव्हा कुठे ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांची सुटका झाली.

हिशेबनीस: दुकानाचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येतं. जॉबवर्कवाल्याने मशीन बंद ठेवलं तर ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाते.

लढा_चालू: सगळ्या शेड एकदम बंद ठेवा ना. हात जोडून कुणाला काय मिळालंय?

प्लेटिंगवाला: वीजदराचा मुद्दा वगळू नका हो. आमचं निम्मं मरण त्यातच आहे.

तात्या_टर्नर: ट्रेड्सवर (बिलाच्या बदल्यात बँकेकडून आधीच पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच) बिल टाका, लगेच पैसे. मी तेच करतो.

स्पिंडल: तात्या, समोरच्याने बिल मान्य केलं तरच ना? खासगी कंपनी आहे, एकच मोठी. आम्ही सगळे सूक्ष्म-लघु, उद्यम आहे. एकट्याने तक्रार केली की पुढची पीओ (खरेदी ऑर्डर) येत नाही, म्हणून संघटनेने बोलायचं ठरलं. ४३बी(एच), म्हणजे लघुउद्योगांचं मुदतीत न दिलेलं बिल कंपनीला त्या वर्षी खर्चात धरू न देणारा आयकर नियम, कडक करा असं मागू का?

कायदेताई: नको, तो आयकर केंद्राचा. २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायदाही केंद्राचाच, पण त्यातली थकीत बिलांचे वाद ऐकणारी सुविधा परिषद राज्य सरकार नेमतं. कलम १८ प्रमाणे ९० दिवसांत निकाल लागायला हवा, तिथेच धरा. आपल्या भागासाठी परिषद वाढवा, सुनावण्या नियमित घ्या. शिवाय कलम २१ मध्ये परिषदेवर लघुउद्योग संघटनांच्या प्रतिनिधींची तरतूद आहे, तुमच्या माणसाचं नाव तिथेच सुचवा. एका पानात बसतं. बाकीचं वेगळ्या पत्रात.

स्पिंडल: ताई, हे पटलं. अध्यक्षांना रस्ते सोडवणार नाहीत, पण बघतो. सोबत काय जोडू?

कायदेताई: बिलांची यादी, सभासदांची नावं झाकून.

हिशेबनीस: यादीत माल स्वीकारल्याची तारीख टाका. मुदत तिथून मोजतात, बिलाच्या तारखेपासून नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवसच. चलनांवर कंपनीचा सही-शिक्का आहे ना?