श्रीहरिकोट्यात अग्निबाण उभ्यानेच का नेतात?

जिज्ञासू: चांद्रयान-३ घेऊन जाणारा एलव्हीएम३ अग्निबाण जुलै २०२३ मध्ये जुळणी-इमारतीतून दुसऱ्या प्रक्षेपणतळाकडे रुळांवरून नेतानाची चित्रफीत नुकतीच पुन्हा पाहिली. कझाकस्तानातल्या बैकोनूर तळावर रशियाचा सोयुझ अग्निबाण आडवा निजवून आगगाडीने नेतात आणि तळावर पोचल्यावरच उभा करतात. ४३.५ मीटर उंचीचा हा डोलारा उभ्याने हलवण्यात अधिक धोका नाही का? त्या वेळी आत इंधन असते का, हेही कोणी सांगावे.

ध्रुवतारा: आपल्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर आहे. उड्डाणाच्या वेळी सोयुझचे वजन सुमारे ३०० टन भरते, पण त्यातले बहुतेक द्रवरूप इंधनाचे असते आणि ते तळावर उभा केल्यानंतर भरतात, त्यामुळे वाटेत तो जवळजवळ रिकामा असतो. एलव्हीएम३च्या दोन्ही बाजूंच्या एस२०० मोटारींत (म्हणजे घन इंधनावर चालणाऱ्या इंजिनांत) मात्र प्रत्येकी सुमारे २०० टन घन इंधन कारखान्यातच ओतून घट्ट केलेले असते. ते ऐनवेळी भरण्याची सोय नसते. मधल्या टप्प्याचे द्रवरूप इंधन आणि वरच्या टप्प्याचे अतिशीत इंधन तळावरच भरतात, तरीही इमारतीतून निघताना सुमारे ५०० टनांचा भार असतो. एवढा भार आडवा जोडून मग उचलून उभा करायचा, तर सांगाडा त्यासाठी वेगळ्याने बळकट करावा लागेल, म्हणजे यानासाठीचे वजन त्यात खर्ची पडेल.

रेल्वेप्रेमी: थोडे अवांतर: सोयुझ इंजिनांच्या नळ्या पुढे ठेवून जातो, आणि त्यातून जाणाऱ्या अंतराळवीरांनी ही मिरवणूक पाहणे अशुभ मानतात!

खगोलमित्र: श्रीहरिकोट्याच्या पहिल्या तळाची रीत याच्या उलट होती, हेही नोंदवावेसे वाटते. तिथे पीएसएलव्ही या दुसऱ्या भारतीय अग्निबाणाची जुळणी तळावरच होई आणि उड्डाणापूर्वी भोवतीचा मनोराच रुळांवरून मागे सरके.

जिज्ञासू: मग दुसऱ्या तळावरही तसेच का केले नाही?

खगोलमित्र: कारण जुळणी चालू असेपर्यंत तळ अडकून पडतो. इमारतीत एक अग्निबाण उभा राहत असताना तळ दुसऱ्यासाठी मोकळा राहावा, म्हणून २००५ पासून वापरात आलेल्या दुसऱ्या तळाची आखणीच तशी केली. पुढे डिसेंबर २०२४ मधील पीएसएलव्ही-सी६०ची चौथ्या टप्प्यापर्यंतची जुळणीही वेगळ्या इमारतीत करून तो पहिल्या तळावरच्या मनोऱ्यात आणला गेला.