रिमोल्ड टायर: पैसे वाचतात की जीव टांगणीला लागतो?

घाटचालक
आमचे दोन दहा चाकी ट्रक आहेत. लासलगाव ते वाशी कांदा, परतीला मिळेल तो माल. पुढची दोन चाकं नवी, मागची आठ रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेली, हा शिरस्ता वडिलांपासूनचा. परवा मेव्हणा जेवायला आला आणि म्हणाला, "रिमोल्ड म्हणजे मढ्याला मुंडावळ्या. हायवेवर फुटतात ते सगळे टायर तुमचेच." आमटी गार झाली, वाद मिटला नाही.

माझा हिशेब सरळ आहे. नवा रेडियल (आत पोलादी तारा असलेला टायर) 22 हजारांना पडतो, आमच्या रूटवर 85 हजार किलोमीटर जातो. रबर चढवायला साडेसहा हजार लागतात, त्यावर 55 हजार जातो. नवा किलोमीटरला 26 पैसे, रिमोल्ड 12 पैसे. झिजतो तो वरचा थर. आतलं केसिंग, म्हणजे टायरचा मूळ सांगाडा, धडधाकट असताना टायर भंगारात का घालायचा? तळ झिजला म्हणून आपण चांगली कोल्हापुरी फेकत नाही. विमानाच्या टायरांवरसुद्धा पुन्हा पुन्हा रबर चढवतात. मग कसारा घाटात रांगत चढणाऱ्या ट्रकलाच काय धाड भरली?

मुळाकाठ
दादा, मी पलीकडच्या बाजूची. गेल्या मे महिन्यात खंबाटकीच्या अलीकडे पुढच्या ट्रकचा पट्टा सुटला. तीन-चार फुटी काळी पट्टी उडून माझ्या गाडीवर आली. बंपर गेला, रेडिएटर फुटला, मागे बसलेला मुलगा किंचाळला. ट्रकवाला थांबला नाही; त्याला बहुधा कळलंच नसेल. तुमचे 14 पैसे वाचले, माझे 38 हजार गेले.

आणि विमानाचं उदाहरण नको. तिथे टायर किती वेळा जमिनीला टेकला याची नोंद असते आणि उड्डाणाआधी कुणीतरी तो बघतं. तुमच्या आठ टायरांची वही आहे का?

पाना_टॉमी
टायरच्या दुकानात 19 वर्षं झाली, म्हणून बोलतो. ताई, त्या पट्टीच्या खालच्या बाजूला तारा लोंबत होत्या का? पट्टी खालून सपाट, साफ सुटली असेल तर चिकटवण्यात खोट, म्हणजे दोष रिमोल्डवाल्याचा. तारांसकट फाटली असेल तर केसिंगच मेलं होतं. तसा तर नवा टायरही फाटतो.

मुळाकाठ
होत्या. बाजूला ओढताना बोटाला लागल्या. पण माझ्या रेडिएटरला त्याने काय फरक पडतो?

घाटचालक
पडतो ना ताई. दोष कशाचा ते कळलं तरच उपाय कळेल. आमच्याकडे काहीही झालं की "टायर फुटला". जुलै 2023 मध्ये सिंदखेडराजाजवळ बस जळून 25 माणसं गेली, तेव्हाही चालक टायर फुटल्याचं सांगत होता. आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही असं आलं.

आकडेमोड्या
घाटचालक, तुमच्या 12 पैशांत 3,500 रुपये लपलेत. रबर चढवण्याआधीचं केसिंग विकलं असतं तर साधारण तेवढे आले असते ना? मग ते रिमोल्डच्या खर्चात धरा आणि नव्याच्या खर्चातून वजा करा. रिमोल्डनंतर उरलेल्या केसिंगचे 1,500 येतात असं धरू.

नवा: 18,500 भागिले 85 हजार, सुमारे 22 पैसे.
रिमोल्ड: 8,500 भागिले 55 हजार, सुमारे साडेपंधरा.

फरक 14 चा साडेसहावर आला. आठ चाकं, वर्षाला 60 हजार किलोमीटर धरले तर एका ट्रकमागे 30 हजारांच्या आसपास. थोडे नाहीत. पण पट्टा सुटून कांद्याचा ट्रक कसाऱ्यात एक रात्र अडकला आणि वाशीत भाव पडला, तर त्यातले किती उरतात ते तुम्हीच सांगा. शिवाय सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय. तुमचा 22 हजारांचा भाव त्याआधीचा असेल तर फरक आणखी कमी.

घाटचालक
भाव जुनाच आहे. बरं, 14 नाही, सहा. सहा तर सहा.

डेपो_निवृत्त
एसटीच्या टायर विभागात हयात गेली. एसटीचे स्वतःचे नऊ पुनःस्तरण (रिमोल्डिंग) प्रकल्प आहेत. लालपरीतून फिरलात तर मागच्या रिमोल्ड चाकांवरून गेलातच म्हणून समजा, आणि पोचलातही.

काम कसं चालतं ते थोडक्यात. आलेला टायर पसरवून आतून दिवा लावून बघायचा. खिळ्याचं भोक, फुगवटा, सुटलेली तार, काय ते तिथेच पकडायचं. मग जुनं रबर बफिंगने खरवडायचं, जखमा भरायच्या, कुशन गम (चिकटवणारा रबराचा थर) लावायचा. कोल्ड पद्धतीत त्यावर नक्षीचा तयार पट्टा बसवून, टायर एन्व्हलपमध्ये (रबरी पिशवीत) घालून चेंबरमध्ये शंभर अंशांच्या आसपास काही तास शिजवायचा. हॉटमध्ये कच्चं रबर साच्यात, दीडशेच्या आसपास. पण सगळं इभ्रतीचं काम पहिल्या पायरीला. "हा टायर नाही घेणार" म्हणायला छाती लागते. खाजगी दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना किती जण म्हणतात?

रेडियलला भोक पडून पाणी आत गेलं की पोलादी तार गंजते. वरून काहीच दिसत नाही. त्यावर उत्तम रबर चढवलं तरी काय उपयोग!

मुळाकाठ
काका, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. एसटी स्वतःचाच टायर परत घेते, त्याचं आयुष्य तिला ठाऊक असतं. बाजारात तयार रिमोल्ड विकत घेणाऱ्याला ते कुणाच्या डंपरखाली भरडून आलंय काय माहीत?

पाना_टॉमी
म्हणूनच तयार रिमोल्ड घेऊ नये. आपलं केसिंग द्यावं, नंबर लिहून ठेवावा, तेच परत घ्यावं. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कालची असली तरी जन्मतारीख तीच राहते. आणि गोटा झालेल्या टायरला गरम पात्याने चर कोरून "रिमोल्ड आहे" म्हणून विकणारेही आहेत. तो रिमोल्ड नव्हे, ती शुद्ध फसवणूक. अर्धी बदनामी त्यांच्यामुळे.

अ‍ॅक्रनकर
मी ओहायोत राहतो. इथे रस्त्यावर पडलेल्या या पट्ट्यांना ट्रकवाले मगरी म्हणतात, आणि इथेही शिव्या रिट्रेडलाच, म्हणजे आपल्या रिमोल्डला. 2008 मध्ये अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याच्या अभ्यासात असे तुकडे गोळा करून तपासले. नव्या टायरचेही भरपूर निघाले. मुख्य कारणं म्हणजे रस्त्यावरच्या वस्तूंनी झालेली इजा आणि तापणं. हवा कमी असली की भिंत जास्त वाकते, टायर तापतो. तरी बसच्या पुढच्या चाकांना रिट्रेड लावायला इथे कायद्याने बंदी आहे. ट्रकला नाही.

नवखा_चालक
माझ्या अल्टोला लावू का? एक जण नव्याच्या निम्म्या भावात देतोय.

पाना_टॉमी
नको. छोटा टायर मुळात स्वस्त, वाचणार किती? आणि तुमची गाडी शंभरने जाणार, चाकं चार. ट्रकचं केसिंग पुन्हा रबर चढवायच्या हिशेबाने बनवतात, अल्टोचं नाही.

मुळाकाठ
अ‍ॅक्रनकर, पटलं, थोडं. पण मग हवा कोण बघतं? घाटचालक, मागच्या जोडीतल्या आतल्या चाकाची हवा तुम्ही शेवटची कधी मोजलीत? टॉमी (लोखंडी दांडी) मारून आवाज ऐकणं सोडून, गेजने.

घाटचालक
ड्रायव्हर बघतो.

डेपो_निवृत्त
आतल्याचा व्हॉल्व्ह हाताला लागत नाही म्हणून कुणी बघत नाही. आतल्यात कमी, बाहेरच्यात पुरी, मग सगळा भार बाहेरच्यावर. त्यात जोडीतला एक नवा रिमोल्ड आणि एक अर्धा झिजलेला, म्हणजे उंची वेगळी. मोठा मरतो आधी. हे टायर बसवणाऱ्याचं पाप, ते रिमोल्डच्या माथी नको.

घाटचालक
आज एक ट्रक दारात होता, म्हणून गेज घेऊन बसलो. बाहेरची चारही 110 च्या आसपास. आतली: 105, 98, 101 आणि एक 72 पौंड. त्याच 72 वाल्याचे आकडे 1416 निघाले, त्यावर रबर दोनदा चढवलेलं. तो काढला. ताई, वही घातली आहे, पोराच्या जुन्या भूगोलाच्या वहीची कोरी पानं आहेत. दुसरा ट्रक वाशीला आहे, गुरुवारी येईल.