हळदीच्या रात्रीचा डीजे : तक्रार करावी की आधी बोलावे?

प्रश्न : गंगापूर रोड रहिवासी

आम्ही नाशिकमध्ये गंगापूर रोडलगतच्या एका वसाहतीत राहतो आणि आमच्या इमारतीच्या मागेच एक लॉन्स आहे. तुळशीची लग्ने लागली की तेथील तारखा भरू लागतात. लग्नाच्या दिवसाबद्दल आमची काहीच तक्रार नाही. गोरज मुहूर्त असला तरी नऊ-साडेनऊपर्यंत पंगती उठतात. त्रास होतो तो आदल्या रात्रीच्या हळदीचा. डीजे जेवणानंतर सुरू होतो तो बारा वाजून गेले तरी थांबत नाही. खिडक्या लावून घेतल्या तरी तावदाने थरथरत राहतात, सासूबाईंना रात्रभर डोळा लागत नाही आणि मुलीची बारावीची परीक्षा नेमकी याच हंगामात येते. पोलिसांना कळवावे, तर कोणाच्या तरी मंगल कार्यात विघ्न आणल्यासारखे वाटते आणि आपले नाव बाहेर फुटण्याची धास्तीही असते. असा प्रसंग कोणी हाताळला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : कॉलेज रोडचे वकील

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल असून, रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. या वेळेत ध्वनिक्षेपक लावण्याची सूट केवळ सभागृहासारख्या बंदिस्त जागेला, तीही आतल्या आत ऐकू जाण्यापुरती आहे. आपल्या मागचे लॉन्स उघड्यावर असल्याने ही सूट त्याला लागू होत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. खासगी हळदीसमारंभ त्यात बसत नाही.

नाव फुटण्याच्या भीतीबद्दल सांगायचे, तर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये, तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी अशा तक्रारींवर कारवाई करावी आणि ती ओळख उघड करू नये, असे स्पष्ट केले आहे. तेव्हा दहा वाजून गेल्यावर 112 वर निःसंकोच कळवावे.

उत्तर : ध्वनियंत्रणेच्या व्यवसायातील

मी याच धंद्यात आहे, म्हणून एक गोष्ट मनापासून सांगतो. तावदाने थरथरतात ती गाण्याच्या आवाजाने नव्हे, तर बेसमुळे. उंच पट्टीचे स्वर भिंत आणि बंद खिडकी बऱ्याच अंशी अडवतात. खालच्या पट्टीचे अडत नाहीत. म्हणूनच खिडकी लावल्यावर शब्द ऐकू येत नाहीत, पण धडधड मात्र छातीपर्यंत पोहोचते. नेहमीच्या मोजणीत कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे खालच्या पट्टीला कमी वजन दिलेले असते, त्यामुळे यंत्रावर आकडा फारसा मोठा दिसत नाही आणि घरातली माणसे मात्र हैराण झालेली असतात. आपण नुसते "आवाज कमी करा" म्हणालात, तर ऑपरेटर गाणे थोडे हळू करील आणि बेस तसाच ठेवील. "बेस उतरवा आणि बेसचे खोके इमारतीच्या भिंतीपासून लांब हलवा" असे नेमके सांगावे. नाचणाऱ्यांच्या आनंदात त्याने फारसा फरक पडत नाही, हे मी अनुभवावरून सांगतो.

उत्तर : इंदिरानगरच्या गृहिणी

वकीलसाहेबांचे म्हणणे योग्य आहे, तरी रात्री अकरा वाजता, अंगात नाच भिनलेल्या वऱ्हाडासमोर पोलीस उभे करणे हा शेवटचा उपाय असावा असे मला वाटते. त्या घरची माणसे एका रात्रीची पाहुणी. लॉन्सचा चालक मात्र बारा महिने आपला शेजारी आहे. त्यामुळे बोलायचे ते त्याच्याशी, दिवसाउजेडी आणि हंगाम सुरू होण्याआधी. आमच्या सोसायटीने अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीचे पत्र दिले, त्यामुळे कोणा एका घराकडे बोट गेले नाही. दहाला डीजे बंद न केल्यास अनामत रकमेतून कपात होईल, अशी अट नोंदणीच्या वेळीच यजमानांकडून लिहून घ्यावी, एवढीच आमची मागणी होती. पैसे कापले जातात म्हटल्यावर घरातले वडीलधारेच घड्याळाकडे लक्ष ठेवतात. आता तिथल्या हळदी संध्याकाळी सहालाच सुरू होतात. आणि मंगल कार्यात विघ्न आणल्याचे ओझे कृपया मनावर घेऊ नका. आजारी माणसाची झोप मोडून कोणाचे मंगल होत नाही.

उत्तर : कॉलेज रोडचे वकील

ताईंची सूचना मला मान्य आहे. फक्त त्या पत्राची पोच सही-शिक्क्यासह घ्यावी आणि एक प्रत स्थानिक पोलीस ठाण्यात द्यावी. चालकाने पुढे दुर्लक्ष केलेच, तर आपण आधी सामंजस्याने सांगितले होते याचा लेखी पुरावा हाती राहील.

प्रश्नकर्ती : गंगापूर रोड रहिवासी

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. बेसचा मुद्दा आमच्या कोणाच्याच लक्षात आला नव्हता. तो आणि अनामतीची अट असे दोन्ही पत्रात घालणार आहे. येत्या रविवारी सोसायटीची सभा आहे, तीत मसुदा ठेवीन आणि चालकाकडे जाताना दोन ज्येष्ठ सभासदांना बरोबर घेईन. परीक्षेच्या काळातील तारखांबद्दल मात्र त्यांच्याशी वेगळे बोलावे लागेल, कारण मुलगी दहाच्या आधीही अभ्यासालाच बसलेली असते.