मदत हवी आहे : कॉइलओव्हर बसवल्यानंतर सिव्हिकच्या मागील चाकांचा कॅम्बर

नमस्कार. माझ्या २०१० सालच्या होंडा सिव्हिकला उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा एकत्रित जोड) बसवून गाडी मागून सुमारे ३५ मिलिमीटर खाली घेतली आहे. म्हापशातील अलाइनमेंटच्या अहवालानुसार मागील डाव्या चाकाचा कॅम्बर (चाकाचा उभा कल; उणे म्हणजे वरची बाजू आत झुकलेली) उणे २.१ अंश, तर उजव्याचा उणे २.८ अंश आहे. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला की रबराचे दाते बोटांना टोचतात, बाहेरची कड मात्र जवळपास नवी आहे. अशी झीज केवळ कॅम्बरमुळे होत नाही, टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) बिघडल्यास ती कितीतरी वेगाने होते, याची कल्पना असल्याने टो आधीच दुरुस्त करून घेतला आहे.

या गाडीत मागचा कॅम्बर बदलण्याची सोय कंपनीकडून नसल्यामुळे लांबी बदलता येणारे वरचे आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे) बसवावेत, की उंची थोडी वाढवून भागेल? उंची वाढवल्याने दोन्ही बाजूंमधला फरक मिटणार नाही, असे मला वाटते. हा फरक सबफ्रेम (सस्पेन्शन ज्यावर बसते ती चौकट) सरकल्यामुळे किंवा बुश (आर्मच्या सांध्यातले लवचिक अस्तर) झिजल्यामुळे असू शकेल का?

आर्म घ्यायचेच झाल्यास रबरी बुशचे घ्यावेत की धातूच्या सांध्याचे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे. गाडी समुद्रालगत उभी असते आणि गोव्याच्या पावसाळ्यात आटे गंजून जाम होतात (कॉइलओव्हरच्या कॉलरवर, म्हणजे उंची ठरवणाऱ्या आट्यांच्या कडीवर, आताच तांबूस थर दिसतो), त्यामुळे पुढल्या अलाइनमेंटला सहज सैल होईल असाच आर्म हवा आहे. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना न आवळता चाकांवर पूर्ण भार देऊन आवळणारे, फोंडा किंवा मडगाव परिसरातील गॅरेज माहीत असल्यास तेही कळवावे.